नेव्हिल डिसूझाचे चार गोल

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये जर्मनीचा फुटबॉल संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला आणि भारत उपांत्य फेरीत पोचला, हे आज वीरच्या नाक्यावर किंवा महाडच्या बाजारपेठेत कोणाला सांगून बघा. ऐकणारा हसेल, नाहीतर तुमच्याकडे संशयाने बघेल. मिरोस्लाव्ह क्लोसेचे वर्ल्ड कपमधले १६ गोल आमच्याकडच्या कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ असतात. त्याच मेलबर्नमध्ये हॅट्रिक मारणाऱ्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचं नाव काढलं, की मात्र ‘कोण रे हा?’ होतं.

नेव्हिल स्टीफन डिसूझा. जन्म ३ जुलै १९३२, मूळ बार्देशातल्या आसगावचा. म्हणजे गोंयकार, आणि फुटबॉल मुंबईतला. त्या काळी गोव्यातून पोटापाण्यासाठी मुंबईला आलेली माणसं धोबीतलावच्या कुडांमधून राहायची. एकेका गावाचा एकेक कूड. आपल्या महाड-पोलादपूरच्या चाकरमान्यांच्या गावमंडळांच्या खोल्या गिरणगावात होत्या, तसाच हा प्रकार. तिकडून येताना माणसं तियात्र, ब्रास बँड आणि फुटबॉल बरोबर घेऊन आली. आपली मंडळी भजन, नमन आणि कबड्डी घेऊन गेली.

त्या वेळी भारतात व्यावसायिक फुटबॉल असा नव्हताच. मुंबईत चांगला खेळणारा मुलगा कंपनीत लागायचा. नेव्हिल टाटांकडून खेळला, कॅल्टेक्सकडून खेळला. पगार कंपनीचा आणि खेळ कूपरेजवर. महाड-पोलादपूरच्या वाचकाला ही व्यवस्था नव्याने समजावून द्यायला नको. इथला एखादा दमदार चढाईपटू मुंबईला गेला, की बँकेत, रेल्वेत नाहीतर तेल कंपनीत चिकटतो आणि घरचे म्हणतात, पोरगं खेळावर लागलं. नेव्हिलही असाच खेळावर लागलेला होता.

कूपरेजचं मैदान तेव्हा भरायचं ते रोव्हर्स कपसाठी. १८९१ पासूनची ही स्पर्धा. १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी ती जिंकली. त्यांचा प्रशिक्षक होता सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. मुंबईच्या संघांना या काळात घरच्या मैदानावर बघे म्हणून बसावं लागत होतं, असं म्हटलं तरी चालेल. पण १९५४ च्या मोसमात राज्यसंघांची संतोष ट्रॉफी पहिल्यांदा मुंबईकडे आली आणि १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स कप उचलला. मुंबईच्या कंपनी-फुटबॉलचे हे खरे भरभराटीचे दिवस होते आणि नेव्हिल ऐन त्याच दिवसांतला.

आता मेलबर्न. रहीम तेव्हा भारताचेही प्रशिक्षक होते. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत भारताची काय गत झाली होती ते ध्यानात ठेवूनच हा संघ बघायला हवा. तिथे आपले बरेच खेळाडू थंडीत अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मेलबर्नला संघ बुटांत उतरला. कप्तान समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, बरोबर पी. के. बॅनर्जी, किट्टू, आणि गोलकीपरांत मुंबईचेच एस. एस. नारायण. पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरी उतरलीच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. इथपर्यंत नशिबाचा भाग होता हे कबूल करायला हरकत नाही.

१ डिसेंबर १९५६ ला मात्र नशिबाचा प्रश्न नव्हता. समोर यजमान ऑस्ट्रेलिया, घरच्या प्रेक्षकांपुढे. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. दोनदा आघाडी घ्यायची आणि दोनदा ती घालवायची, यात भल्याभल्यांचा धीर सुटतो. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिलने तिसरा गोल केला. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा केला आणि ४-२ वर सामना संपला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ही पहिली हॅट्रिक, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश.

यातली एक गोष्ट मला कायम विलक्षण वाटत आली आहे. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता. आदल्याच वर्षी, १९५५ साली, भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. म्हणजे ज्याचं मूळ गाव परक्यांच्या अमलाखाली, सरहद्द बंद, तो भारताची जर्सी घालून तीन गोल करत होता. गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षं होती.

४ डिसेंबरला उपांत्य सामना, आणि समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा. बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला तो भारताचा, आणि करणारा नेव्हिलच. हेलसिंकीत दहा गोल खाल्लेला देश त्याच प्रतिस्पर्ध्यावर आघाडीवर होता. ती आघाडी दोन-तीन मिनिटंच टिकली. युगोस्लाव्हियाने धडाधड गोल केले, शेवटचा तर आपल्याच खेळाडूकडून स्वयंगोल झाला, आणि १-४ ने हार झाली. ७ डिसेंबरला कांस्यपदकासाठी बल्गेरियाने ३-० ने हरवलं. भारत चौथा. नेव्हिलचे चार गोल झाले आणि सर्वाधिक गोलांच्या यादीत युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने तो पहिला आला.

सुरुवातीला म्हटलेला जर्मनीचा संघ २-१ ने हरला होता तो पुढे सुवर्ण जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाकडून. अर्थात तो हौशी खेळाडूंचा संघ होता, १९५४ चा जगज्जेता नव्हे. ऑलिंपिकचे नियमच तसे होते. पण त्याच पिढीतला जर्मन स्ट्रायकर उवे झेलर याची कारकीर्द नेव्हिलच्या शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. झेलर नेव्हिलहून चार वर्षांनी लहान. हॅम्बुर्गकडून खेळायचा आणि पोटासाठी आदिदासचा विक्री प्रतिनिधी म्हणून हिंडायचा. १९६१ साली इटलीच्या इंटर मिलानने मोठी रक्कम देऊ केली, ती त्याने नाकारली. तोवर फरक असलाच तर थोडा. १९६३ साली पश्चिम जर्मनीत बुंडेसलिगा सुरू झाली, आणि पहिल्याच मोसमात ३० गोल करून झेलर अव्वल ठरला. चार वर्ल्ड कपांत त्याने गोल केले. हॅम्बुर्गच्या स्टेडियमबाहेर त्याच्या उजव्या पायाचं भलंमोठं ब्राँझचं शिल्प आहे. मेलबर्नच्या त्या युगोस्लाव्ह संघातला गोलकीपर राडेन्कोविचसुद्धा पुढे म्युनिकला जाऊन बुंडेसलिगाचा विजेता झाला.

नेव्हिलसाठी अशी लीग नव्हती. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात तो नव्हता. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, फुटबॉलमधला पहिला पी. के. बॅनर्जींना मिळाला, त्या यादीत नेव्हिलचं नाव कधीच आलं नाही. १६ मार्च १९८० ला तो गेला तेव्हा वय अवघं ४७. ज्या व्यवस्थेने त्याला घडवलं तीही मागोमाग विरत गेली. कॅल्टेक्स १९७८ साली हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. रोव्हर्स कप या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ २०१० मध्ये गुंडाळला गेला.

कंपनी-फुटबॉलबद्दल उगाच गहिवर काढायचं कारण नाही. त्यात खेळाडूला नोकरी मिळायची, पण त्याचं नाव कंपनीच्या फाटकाबाहेर फारसं जायचं नाही. तरीही त्या नोकरीने मुलगा तिशीपर्यंत मैदानावर राहायचा, ही गोष्ट खोटी नाही. आज मुंबई सिटी एफसीच्या नावावर आयएसएल या व्यावसायिक लीगची विजेतेपदं आहेत, पण मराठी मुलुखातला स्ट्रायकर त्यात शोधावा लागतो. कोल्हापुरात तालमींच्या जोरावर शाहू स्टेडियम अजून भरतं आणि तिथूनच अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. आपल्या रायगडात फुटबॉलचं तेवढंही बस्तान नाही. कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेटमधून सवड मिळाली तर.

२०२४ मध्ये आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटात रहीम यांच्या गोष्टीबरोबर नेव्हिलही थोडा दिसला, तेवढ्याने काहींनी त्याचं नाव शोधलं. मुंबईत वांद्र्याला त्याच्या नावाचं फुटबॉल मैदान आहे. मुंबईच्या फुटबॉल संघटनेच्या लीगचे सामने तिथे होतात.