शेअर चालतो, मग वायदा का चालत नाही?

बहारीनमध्ये हिशेब तपासनिसाचे काम करताना माझ्या टेबलावर दोन प्रकारच्या बँकांचे कागद येतात. एका प्रकारात व्याज हा शब्द पानोपानी भेटतो, दुसऱ्यात तो औषधालाही सापडत नाही. या दुसऱ्या, म्हणजे इस्लामी बँकांच्या हिशेबाचे आणि शरीयतविषयक नियम ठरवणारी 'आयोफी' ही संस्था १९९१ पासून इथेच, बहारीनमध्ये आहे. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी हमखास विचारते, "अहो, यांना शेअर बाजार चालतो का हो?" मी मुफ्ती नाही, मुसलमानही नाही. पण पोटापाण्यासाठी जे वाचावे लागले, ते वाचकांपुढे ठेवायला हरकत नसावी.

मुळात नफ्याला इस्लामचा विरोध नाही. प्रेषित मुहंमद स्वतः व्यापार केलेले गृहस्थ. कुराणाने व्यापार वैध ठरवला आणि 'रिबा', म्हणजे उसन्या पैशावर घेतलेली वाढ, निषिद्ध ठरवली. त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी टाळायच्या असतात. एक 'घरार', म्हणजे सौद्यातली अशी अनिश्चितता की काय विकले आणि काय घेतले हेच धड ठरत नाही. दुसरी 'मैसिर', म्हणजे जुगार. आजच्या बाजारातला कुठलाही प्रकार या तीन चाळण्यांतून काढून पाहतात.

शेअर त्यातून बराचसा सुखरूप निघतो, कारण शेअर घेणारा कंपनीचा भागीदार होतो आणि नफ्यातोट्याचा धनी असतो. फक्त कंपनीचा धंदा दारू, डुकराचे मांस, जुगार किंवा व्याजाचा नको. पण आज व्याजी कर्ज अजिबात नसलेली मोठी कंपनी शोधायची कुठे? म्हणून व्यवहारी तोड काढली आहे. 'आयोफी'च्या नियमाप्रमाणे व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत हवे आणि निषिद्ध मार्गाची मिळकत एकूण मिळकतीच्या ५ टक्क्यांच्या आत. तेवढ्या मिळकतीचा आपल्या वाट्याचा हिस्सा दानात देऊन टाकायचा. १९९९ मध्ये डाऊ जोन्सने अशा कंपन्यांचा वेगळा निर्देशांक काढला, २०१० मध्ये मुंबई शेअर बाजारातही एक निघाला. व्याजी रोखे अर्थातच बाद. उसने शेअर घेऊन आधी विकायचे आणि भाव पडल्यावर भरून द्यायचे, हेही बाद. सकाळी घेऊन दुपारी विकण्याबद्दल मात्र मतभेद आहेत. मालकी मिळाल्यावर किती दिवस थांबावे असे बंधन नाही, पण शेअर खात्यात यायच्या आधीच विकला तर ताबा आला असे म्हणायचे का, हा वाद आहे.

आता वायदा. गंमत अशी की हा शब्दच आपल्याकडे अरबीतून आला. 'वअद' म्हणजे वचन. (हिशेब, रक्कम, नफा, दलाल ही मंडळीही तिकडचीच!) तरीही वायदेबाजाराला जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९२ मध्ये नकार दिला, ऑप्शनलाही दिला. कारण समजायला आपल्या कोकणातला हापूस पुरेसा आहे. मोहोर दिसताच बाग व्यापाऱ्याला देऊन टाकण्याची पद्धत आपण जाणतो. पुढे धुके पडले, मोहोर गळला, तर कोणाचे तरी नशीब फुटते. मदिनेत खजुराच्या बागांचे नेमके हेच होई, म्हणून फळावर रंग चढण्याआधी ते विकायला प्रेषितांनी मनाई केली. जे हाताशी नाही ते विकण्यालाही मनाई होती.

मग शेतकऱ्याने पेरणीला पैसा आणायचा कोठून? त्यासाठी 'सलम' ठेवला आहे. ठरावीक बागेचे नव्हे, तर ठरावीक प्रतीचे, ठरावीक वजनाचे पीक ठरावीक दिवशी द्यायचे आणि त्याची पूर्ण किंमत आजच घ्यायची. खरी मेख या 'पूर्ण किमती'तच आहे. वायदेबाजारात मालही उद्या आणि पैसाही उद्या. आज फक्त अनामत. दोन्ही बाजू उधार असलेला सौदा म्हणजे भावावर लावलेली पैज, असे बहुतेक पंडितांचे म्हणणे. मलेशियाने मात्र पामतेलाच्या वायद्यांना मान्यता दिली. तिथल्या हाशिम कमाली यांच्यासारख्या विद्वानांचा युक्तिवाद असा, की बाजाराची व्यवस्थाच माल मिळण्याची हमी देत असेल तर जुन्या मनाईचे कारण उरत नाही. मला हा युक्तिवाद टाकाऊ वाटत नाही.

चलनाच्या सौद्यांबद्दल मात्र मी इतका उदार नाही. माझे एक सहकारी, दापोलीकडचे कोकणी मुसलमान, सेवासमाप्तीची सगळी पुंजी घेऊन गावी परतण्याच्या बेतात आहेत. त्यांना कोणीतरी संगणकावरचे चलनखाते दाखवले. वर ठळक 'इस्लामिक अकाउंट'. "व्याज नाही म्हणतात, मग घालू ना पैसे?" असे त्यांनी मला विचारले.

रात्रभर सौदा उघडा ठेवल्याचे व्याज अशा खात्यात घेत नाहीत हे खरे. त्याऐवजी बहुधा शुल्क घेतात किंवा खरेदी-विक्रीच्या दरातले अंतर वाढवतात. पण दलालाने दिलेल्या उसन्या बळावर शंभरपट सौदा करायचा, हे तसेच राहते. हजार दिनार ठेवून लाखाचा सौदा केला की भाव एक टक्का उलटला तरी हजार गेले. मक्केच्या फिकह अकादमीने २००६ मध्ये अशा अनामतीवरच्या सौद्यांना नकार दिला, तो उगाच नाही. धर्म बाजूला ठेवला तरी युरोपीय संघाच्या नियामकाने २०१८ मध्ये सांगितले होते, की या जातीच्या सौद्यांतली सामान्य ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात असतात.

नुसती पाटी बदलण्याचा हा रोग बँकांनाही आहे. ग्राहकाला रोख हवी, म्हणून त्याच्या नावे धातू उधारीवर घ्यायचा आणि लगेच तिसऱ्याला रोखीने विकायचा. मी पाहिलेल्या अशा कागदांत दोन्ही सह्यांत काही मिनिटांचे अंतर असते आणि धातू गोदामातून हलतही नाही. ही आखीव 'तवर्रुक' पद्धत जेद्दाच्या अकादमीने २००९ मध्ये शारजाच्या बैठकीत नामंजूर केली. पुष्कळ बँका ती आजही वापरतात.

सहकाऱ्यांना मी एवढेच सांगितले, की दिनारचे रुपये करण्यात काही अडचण नाही. दोन वेगळी चलने कोणत्याही दराने बदलता येतात, देणेघेणे मात्र तिथल्या तिथे व्हायला हवे, आणि बँकेच्या खात्यात जमा झालेली रक्कम हाती आली असे धरायला अकादमीने १९९० मध्येच मान्यता दिली आहे. बाकी त्यांच्या गावच्या मौलवींना विचारून ते ठरवणार आहेत. मौलवींना दाखवायला म्हणून त्या खात्याच्या अटींची बारीक अक्षरातली सात पाने मी त्यांना छापून दिली आहेत.