लहान चिन्ह, स्पष्ट ओळख

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवर उमेदवारांची चिन्हे लावलेली होती. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनाही बैलजोडीसारखे चिन्ह पाहून आपले मत आपण देता आले. शाळेच्या संकेतस्थळावरील लहान चिन्हांचे कार्य हेच होय. वाचनाचा सराव नसलेली माता मोबाईलवर शाळेची सूचना शोधते, तेव्हा चिन्ह ओळखू आले तर तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. यास्तव चिन्ह सुंदर असण्यापूर्वी स्पष्ट असले पाहिजे.

पुष्कळदा इमारतीचे छायाचित्र लहान करून तेच चिन्ह म्हणून वापरले जाते. ही पद्धत सदोष आहे. पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते आणि अगदी लहान चिन्हास १६ × १६, म्हणजे अवघे २५६ ठिपके मिळतात. ३२० ठिपके रुंदीचे चित्र तेवढे लहान केल्यास मूळचे ४०० ठिपके एका ठिपक्यात मिसळतात. खिडक्या व ध्वजस्तंभ लोपून केवळ राखी डाग उरतो.

आपल्या जिल्ह्यातील पैठणीच्या विणकरांना ही मर्यादा परिचित आहे. उभ्या-आडव्या धाग्यांत तिरकी रेषा पायऱ्यापायऱ्यांनीच चढते. म्हणून पदरावरील मोर धाग्यांच्या हिशेबानेच बसवावा लागतो. चिन्हही तसेच चौकटीत नव्याने रेखाटावे. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) एका चिन्हात एकच वस्तू घ्यावी. उदाहरणार्थ, सूचनेसाठी घंटा.
(२) रेषा पूर्ण ठिपक्यांवर बसवावी. ती दोन ठिपक्यांच्या मध्ये पडल्यास दोन्ही ठिपके फिकट दिसतात.
(३) १६ ही समसंख्या असल्याने मधली उभी रेषा दोन ठिपके जाड घ्यावी, म्हणजे दोन्ही बाजू समान राहतात.
(४) दोन रेषांत किमान एका ठिपक्याचे अंतर सोडावे.
(५) चिन्ह व पार्श्वभूमी यांत गडद-फिकट भेद ठेवावा.
(६) शाळेचे पूर्ण नाव घालू नये. फार तर एक सुटे अक्षर घ्यावे.

हा पाठ संगणकाविना घेता येतो. चौकडीच्या वहीत १६ × १६ घरे आखून मुलांना ती पूर्ण रंगवावयास सांगावी. अर्धे घर रंगवू देऊ नये. नंतर वही भिंतीशी उभी करून इयत्ता पहिलीच्या मुलास दुरून विचारावे, “हे काय आहे?” आपण काहीही सुचवू नये. मूल अडखळले, तर दोष मुलाचा नसून चित्राचा आहे असे समजावे आणि एखादी रेषा कमी करून पुन्हा विचारावे.