ट्यूबच्या मायक्रोफोनविषयीचे काही प्रवाद आणि वस्तुस्थिती

ज्या नगरीच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट रात्री उशिरापर्यंत चालू असतो, जिच्यापासून पंढरपूर आणि अक्कलकोट ही दोन्ही क्षेत्रे तास-दीड तासाच्या वाटेवर आहेत, आणि म्हणून जेथे अभंग, आरत्या व भक्तिगीते मुद्रित करून घेऊ इच्छिणाऱ्यांचा तोटा नाही, त्या सोलापुरात ध्वनिमुद्रणाच्या लहानमोठ्या खोल्या निघाव्यात हे स्वाभाविकच होय. अशा खोलीच्या चालकाच्या गाठीशी दोन-तीन लाखांची रक्कम जमली की त्याच्या मनात पहिला संकल्प उभा राहतो तो ट्यूबचा कंडेन्सर माईक घेण्याचा. संकल्प वाईट नाही. परंतु त्याच्या पाठोपाठ इतके प्रवाद खोलीत शिरतात की, माईक निवडण्यापूर्वी त्यांचीच झाडाझडती घेणे अगत्याचे ठरते.

यांतला सर्वांत दृढमूल प्रवाद असा की, आवाजाला जी ऊब आणि जो भरदारपणा येतो तो ट्यूबमुळे. वस्तुस्थिती पुष्कळ निराळी आहे. कंडेन्सर मायक्रोफोनात ध्वनी पकडण्याचे काम ट्यूब करीतच नाही. ते करते कॅप्सूल, म्हणजे केवळ काही मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पडदा आणि त्याच्यामागे केसभर अंतरावर बसवलेली, छिद्रे पाडलेली धातूची चकती. या जोडीची विद्युत्धारकता काही दशक पिकोफॅरड इतकीच असल्यामुळे तिच्यातून निघणारा संकेत इतका नाजूक असतो की, तो लांबच्या तारेवर सोडला तर वाटेतच विरून जावा; म्हणून कॅप्सूलपासून दोन-चार इंचांवर ट्यूब बसवून तिच्याकरवी तो संकेत पुढच्या ट्रान्सफॉर्मरच्या हवाली करतात. ट्यूब ही येथे मालक नव्हे, मुखत्यार आहे. आणि चांगल्या मुखत्याराचे लक्षण हेच की मालकाच्या हिशेबात त्याने स्वतःचे काही मिसळू नये. उत्तम बनावटीच्या माईकमध्ये ट्यूबची विकृती मोठ्यात मोठ्या आवाजालादेखील अर्ध्या टक्क्याच्या आसपास आवरलेली असते, आणि गायक हातभर अंतरावरून सामान्यपणे गात असता ती त्याहूनही पुष्कळ कमी होते. आपण जिला ऊब म्हणतो तिचा मोठा वाटा कॅप्सूलच्या घडणीचा, ट्रान्सफॉर्मरचा, भोवतीच्या जाळीचा, आणि दिशादर्शी माईकजवळ तोंड नेले म्हणजे खर्ज आपोआप वाढतो त्या निसर्गनियमाचा असतो. हा शेवटचा भाग फुकट मिळतो, आणि तो ट्रान्झिस्टरच्या माईकमध्येही मिळतो. तोच माईक सर्व दिशांनी ऐकणाऱ्या योजनेवर ठेवला की ही वाढ नाहीशी होते. मग चार भजनी मंडळींना भोवती बसवून मुद्रण करणारा चालक ‘ट्यूब गेली वाटते’ अशी शंका घेऊन बसतो.

ज्यांच्या नावाने या सर्व आख्यायिका चालतात त्या यंत्रांचा पूर्वेतिहास येथे थोडा पाहणे इष्ट आहे. बर्लिनच्या नॉयमान कंपनीने १९४९ साली यू ४७ हा माईक काढला. त्यात टेलिफुंकेनची व्हीएफ १४ ही ट्यूब होती. पुढच्या दशकाच्या अखेरीस ही ट्यूब निघणे बंद झाले, आणि कंपनीला दुसरी तजवीज करावी लागून १९६० साली ईएफ ८६ ही ट्यूब व नवी कॅप्सूल घेऊन यू ६७ अवतरला. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या नव्या कॅप्सूलचा कल मुळातच उच्च कंप्रतेकडे, म्हणजे दहा हजार हर्ट्झच्या आसपास, चढता होता. अभियंत्यांनी तो चढाव विद्युत्मंडलातच मोजूनमापून उतरवला, आणि या दोहोंच्या मेळातून तो सुप्रसिद्ध शांत, गोलसर ध्वनी सिद्ध झाला. पुढे १९६७ साली याच वंशाची कॅप्सूल घेऊन, पण ट्यूब काढून टाकून, यू ८७ आला, आणि जगभरच्या स्टुडिओंत त्याने जी जागा पटकावली ती आजही सोडलेली नाही. ट्यूब हेच सर्वस्व असते तर असे घडले नसते.

हा तपशील सोलापूरच्या गिऱ्हाइकाला का हवा? कारण आज मध्यम किमतीत मिळणारे बहुसंख्य ट्यूब माईक या १९६० च्या कॅप्सूलच्या नकला आहेत, आणि नक्कल करणाऱ्यांपैकी अनेकांनी कॅप्सूल तेवढी उचलली, तिचा चढाव उतरवणारे मंडल मात्र उचललेच नाही. (यांतले पुष्कळसे माईक चीनमधून येतात.) परिणाम असा की, पुढ्यात ट्यूबचा लालसर उजेड दिसतो, पेटी भारदस्त असते, आणि गायकाने तोंड उघडले की ‘स’ आणि ‘श’ सुरीसारखे कानात घुसतात. मराठीला हे विशेष बाधते. ‘चांदणे’, ‘जाई’, ‘झांज’ या शब्दांतील दंत्य च, ज, झ यांच्या पोटात एक स-कार दडलेला असतो, आणि चढत्या कलाचा माईक त्याला नेमका बाहेर ओढून काढतो. म्हणून परीक्षा घ्यायची तर इंग्रजी आकडे मोजून घेऊ नये; साज, चाळ, झुंजूमुंजू, सांजसकाळ असे शब्द गायकाकडून गाऊन आणि बोलून घ्यावेत, आणि ते हेडफोनवर न ऐकता स्पीकरवर ऐकावेत.

‘जुना तो सोन्याचा’ हा दुसरा प्रवाद. मूळ यू ४७ च्या आरंभीच्या कॅप्सूलचा पडदा पीव्हीसीचा असे, आणि पीव्हीसी कालांतराने कडक होऊन तडकते. व्हीएफ १४ तर दुर्मिळच. तेव्हा आज हाती येणाऱ्या जुन्या नगात पडदा कुणी केव्हा बदलला, ट्यूबच्या जागी काय बसवले, ट्रान्सफॉर्मर मूळचा आहे किंवा कसे, याचे दस्तऐवज नसतील तर आपण नाव विकत घेत असतो, माईक नव्हे. दोन जुने नग शेजारी ठेवले तर एकमेकांशी जुळतीलच असेही नाही. ज्याला तो ध्वनीच हवा आहे आणि पाच लाखांहून अधिक रक्कम खर्चण्याची ऐपत आहे, त्याने २०१८ साली कंपनीने पुन्हा काढलेला यू ६७ घ्यावा. त्याला निदान हमीपत्र तरी असते.

किरकोळ प्रवाद झपाट्याने निकालात काढू. पडद्यावरचे सोने स्वराला सुवर्णकांती देण्यासाठी नसते. ते वीज वाहून नेते आणि गंजत नाही, एवढ्यासाठी असते. ‘वीस ते वीस हजार हर्ट्झ’ ही सनद प्रत्येक पेटीवर छापलेली असते, पण त्या पट्ट्यात किती डेसिबलची चढउतार आहे हे सांगितल्याखेरीज ती निरर्थक होय. ट्यूब चार-सहा महिन्यांत जळते ही भीतीही अनाठायी आहे. माईकमधील ट्यूबवर भार अत्यल्प असल्याने ती हजारो तास चालते, आणि कुरकुर किंवा फुसफुस सुरू झाल्यावाचून तिला हात लावण्याचे कारण नाही. महाग माईक म्हणजे निःशब्द माईक, हीही समजूत खोटी. पंधरा-वीस हजारांत मिळणाऱ्या आधुनिक ट्रान्झिस्टर माईकचा स्वतःचा गोंगाट चार-पाच डेसिबलपर्यंत खाली आलेला आहे. नामवंत ट्यूब माईकचा त्याहून बराच अधिक, दुहेरी आकड्यात असतो. गाण्याला त्याने काही बिघडत नाही. कुजबुजत्या निवेदनाला बिघडते.

विजेचा मामला मात्र झटपट सोडण्यासारखा नाही. मिक्सरवरचे अठ्ठेचाळीस व्होल्टचे बटण दाबले की कोणताही कंडेन्सर चालतो, हा समज येथे सर्रास आढळतो. ट्यूबला तापण्यासाठी वेगळा प्रवाह आणि काम करण्यासाठी शंभर ते दोनशे व्होल्टचा दाब लागतो, आणि तो माईकसोबत येणाऱ्या स्वतंत्र पेटीतून बहुपिनी केबलने मिळतो. परदेशातून मागवलेल्या पेटीचा खटका ११५ व्होल्टवर असेल आणि आपण ती २३० च्या प्लगात खोचली, तर पहिला बळी तेथेच पडतो. पेटी चालू असता केबल काढू-घालू नये. बंद केल्यावरही थोडा वेळ जाऊ द्यावा. मुद्रणापूर्वी वीस-तीस मिनिटे यंत्र तापू द्यावे. ज्या वस्तीत यंत्रमागांच्या मोटारी त्याच लाइनवर आहेत तेथे दाब खालीवर होणारच. चांगला ऑनलाइन यूपीएस आणि खरीखुरी, जमिनीत गाडलेली अर्थिंग, या दोन बाबींवर खर्च केलेला पैसा ‘घूं’ असा गुंजारव थांबवतो. तो गुंजारव माईकचा दोष समजून माईक परत पाठवणारे लोक आहेत, म्हणून हे सांगणे.

आता मुख्य प्रवादाकडे येतो, आणि तो माईकविषयी नसून भिंतींविषयी आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे, दोन्ही घरोघर आहेत, आणि त्या भिंतींवर टांगल्या की खोली ध्वनिरोधक होते अशी ठाम श्रद्धाही आहे. कापड ध्वनी अडवीत नाही. ध्वनी अडवते ते वस्तुमान, म्हणजे विटांची जाड भिंत आणि फटी बुजवलेले जड दार. शेजारचा माग चादरीतून बिनदिक्कत आत येतो. कापड फक्त खोलीतले प्रतिध्वनी शोषते, आणि तेही तार स्वरांतलेच, कारण भिंतीला चिकटलेल्या पातळ थराला मोठ्या तरंगलांबीच्या ध्वनीवर काही अंमल चालवता येत नाही. शंभर हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर. तिचा चौथा हिस्सा म्हटला तरी हात-दीड हाताहून अधिक भरतो. अशा खोलीत चकाकी मरते, खर्ज तसाच घुमत राहतो, आणि चालक म्हणतो की माईक ‘डबा’ वाजतो.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहावा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि त्याचा मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झचा. अकरा फूट लांबीच्या खोलीत, वैशाखातल्या पंख्याविना तापलेल्या हवेत, समोरासमोरच्या दोन भिंतींमधले दुसरे अनुनादस्थान याच १०४ च्या आसपास येते, आणि त्याचा दाब भिंतींलगत व खोलीच्या नेमक्या मध्यावर सर्वाधिक असतो. गायकाला सममितीच्या हौसेने मधोमध उभे केले की त्याचा मंद्र पंचम ढोलासारखा फुगणार, मग पुढ्यात पंचवीस हजारांचा माईक असो वा सात लाखांचा. स्टँड अडीच फूट मागे सरकवणे फुकट आहे. त्यापुढे चादरींच्या जाड घड्या भिंतीपासून वीत-दीड वीत सोडून लावाव्यात, कोपऱ्यांत दगडी लोकरीचे जाड थर उभे करावेत. माझ्या मते तीन लाखांपैकी एक लाख येथे खर्चल्यावाचून माईकच्या दुकानाची पायरी चढू नये.

सर्वोत्तम माईक सर्वांना सर्वोत्तम, हा शेवटचा भ्रम तोडण्यास सोलापूरचेच एक वाद्य पुरेसे आहे. येथील जाधव घराण्याने जोपासलेली सुंदरी ही सनईहून आखूड, तिच्याहून चढ्या स्वराची, दुपदरी पत्तीवर वाजणारी. तिचा नाद लहान खोलीत कमालीचा तीक्ष्ण होतो. चढत्या कलाचा ट्यूब माईक तिच्या तोंडासमोर धरला तर जो आवाज मुद्रित होतो तो वादकालाही ओळखू येत नाही. माईक तीन-चार फुटांवर, वाद्याच्या तोंडाच्या रेषेतून बाजूला घ्यावा. नाहीतर साधा रिबन माईक लावावा, ज्याचा उच्च कंप्रतेकडचा नैसर्गिक उतार येथे गुण ठरतो. टाळ-झांजांचीही हीच कथा. उलट, मध्यम वयाच्या, किंचित घोगऱ्या कीर्तनकाराला तोच चकचकीत ट्यूब माईक असा काही उजाळा देतो की, किमतीचा वाद तेथेच मिटावा.

तेव्हा निवड करायची ती भाड्याने. मुंबई-पुण्याकडे असे माईक दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन ट्यूबचे आणि एक ट्रान्झिस्टरचा असे तीन मागवावेत, आपल्याच खोलीत, आपल्या नेहमीच्या गायकासमोर, तिन्ही शक्य तितके एका जागी उभे करून एकाच वेळी मुद्रण करावे, आणि ऐकण्यापूर्वी तिन्हींची पातळी काटेकोर समान करावी. कारण एक डेसिबलने मोठा असलेला आवाज माणसाला हमखास ‘अधिक चांगला’ वाटतो. फायलींना अ, ब, क अशी नावे दुसऱ्या कुणाकडून द्यावीत. खरेदी ठरली की त्याच नगाचा मोजलेला आलेख, पेटीच्या व्होल्टेजचा लेखी दाखला आणि दुरुस्ती देशात कोठे होते त्याचा पत्ता, ही तीन कागदपत्रे हाती आल्याखेरीज रक्कम अदा करू नये.