गाय पान्हा चोरते तेव्हा

अकोले तालुक्यात, राजूरकडच्या एखाद्या गोठ्यात पहाटे जाऊन बसा. समोर काळी-पांढरी डांगी गाय. हिची कातडी तेलकट, त्यामुळे तिथला धो धो पाऊसही अंगावरून ओघळून जातो. शेजारी दाव्याला हिसके देणारं वासरू आणि चरवी घेतलेली आजी. वासरू सुटतं, कासेला ढुशा देतं, लुचू लागतं. थोडा वेळ काहीच नाही. मग सड टच्च होतात, वासराच्या तोंडाला फेस येतो. आजी म्हणते, "आला गं बाई पान्हा!"

मधल्या त्या मिनिटभरात केवढी धावपळ होते! ढुशांची खबर मेंदूपर्यंत जाते. मेंदूखालची छोटीशी ग्रंथी ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. ते कासेत पोचलं, की दुधाच्या इवल्या इवल्या पिशव्या पिळल्या जातात. कासेतलं सुमारे 80 टक्के दूध तिथंच असतं. नुसते सड ओढून ते हाती लागत नाही.

आता समजा, दारात एक माणूस येऊन उभा राहिला. मागे कधीतरी त्यानं या गायीला काठीनं झोडपलं होतं. आज त्याचे हात रिकामे आहेत. तरी गाय दचकते, पाय झाडते. आजी सड ओढून ओढून थकते. "पान्हा चोरला हिनं!"

चोरला? मला नाही पटत. दूध कासेतच अडकलंय. घाबरलेला मेंदू ऑक्सिटोसिन अडवून धरतो, तर भीतीनं रक्तात आलेलं ॲड्रेनलिन कासेच्या रक्तवाहिन्या आवळतं. 1941 साली अमेरिकेत एली आणि पीटरसन या संशोधकांनी गायींजवळ कागदी पिशव्या फटाफट फोडल्या, पाठीवर चक्क मांजर ठेवलं. दूध अडलं! 1999 च्या एका प्रयोगात तर गायी मायेनं वागणारा माणूस कोणता आणि त्रास देणारा कोणता, हे ओळखायला शिकल्या. मग धारेच्या वेळी त्रास देणारा नुसता जवळ थांबला, तरी कासेत मागे राहिलेलं दूध 70 टक्क्यांनी वाढलं.

खूणगाठ चांगलीही बसते बरं का. आंबोणाचा वास आला, चरवी खणकली, की वासरू तोंड लावायच्या आधीच काही गायींना पान्हा फुटतो.

आपल्या गोठ्यातला तो माणूस निघून गेलाय. आजी वासराला पुन्हा सोडते, गायीचा गळा खाजवत राहते. गाय मान वळवून वासराची पाठ चाटू लागते. आणि चरवीत पहिली धार वाजते, चुर्रर्र...