हेगच्या बाइंडराची वंशावळ

राजाची वंशावळ भाटांनी गावी, सरदाराची दप्तरखान्यात सापडावी, हे आपण गृहीतच धरतो. पण ज्याने जन्मभर पुस्तके बांधली किंवा जरीची तार ओढली, त्या साध्या कारागिराचे कुळ दीडदोनशे वर्षांनंतर कोण सांगणार? हॉलंडात ते सांगता येते. कसे सांगता येते, हे एका उदाहरणावरून पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेग शहरी विलेम कार्बेन्टस नावाचा एक बुकबाइंडर होता. त्याची मुलगी आना १८१९ साली जन्मली आणि १८५१ साली थिओडोरस व्हॅन गॉग या धर्मोपदेशकाला दिली गेली. या जोडप्याचा मुलगा म्हणजे जगप्रसिद्ध चित्रकार व्हिन्सेंट. नातू मोठा झाला म्हणून आजोबाचे नाव आपल्या कानी आले, हे खरे. पण आजोबाचा माग काढण्याची जी रीत, तीच हॉलंडातल्या कोणत्याही सुताराला, लोहाराला किंवा विणकराला लागू पडते.

या रीतीचा पाया घातला तो नेपोलियनने. १८१० साली त्याने हॉलंड आपल्या साम्राज्यात जोडले आणि पुढच्याच वर्षी देशाच्या बहुतेक भागात जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. १८ ऑगस्ट १८११च्या हुकुमाने प्रत्येकाला कायम आडनाव लावणे भाग पडले. त्यापूर्वी, विशेषतः फ्रीसलंड प्रांतात, पुष्कळ लोक आपल्यासारखेच स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव जोडीत. पिढी बदलली की जोडनावही बदले. बादशहाला या नोंदी हव्या होत्या त्या कर बसवण्यासाठी आणि सैन्यभरतीसाठी. कारागिराविषयी त्याला जिव्हाळा होता असे नव्हे.

शोध नेहमी अलीकडून पलीकडे करावा, हा पहिला नियम. नातवाच्या जन्माच्या नोंदीत आईबापांची नावे मिळतात. तेथून आईबापांच्या विवाहाकडे जावे. डच विवाहनोंद म्हणजे माहितीची खाणच! वधूवरांचे वय, जन्मगाव, धंदा आणि दोघांचेही आईबाप तीत येतात. शिवाय नोंदीबरोबर काही कागद जोडावे लागत : जन्माचा किंवा बाप्तिस्म्याचा उतारा, वराने सैन्यभरतीचा कायदा पाळल्याचा दाखला, आईबाप मृत असल्यास त्यांच्या मृत्यूचे दाखले. म्हणजे एका लग्नाच्या पुडक्यात दोन पिढ्या सापडतात. आणखी एक सोय अशी की, डच दप्तरात लग्नानंतरही स्त्रीचे माहेरचे नावच लिहितात. त्यामुळे आजीचे कुळ आजोबाच्या नावाखाली दडून जात नाही. १८५०पासून लोकसंख्येची रजिस्टरे आली. त्यांत घरातील सगळी माणसे एकत्र दिसतात. कोण कोठून आले व कोठे गेले, तेही दिसते.

विलेमला १८१९ साली मुलगी झाली, त्या अर्थी त्याचा स्वतःचा जन्म १८११च्या आधीचा. येथे सरकारी रजिस्टर संपते आणि चर्चच्या वह्या सुरू होतात. या वह्यांत जन्माऐवजी बाप्तिस्म्याची आणि मृत्यूऐवजी दफनाची तारीख असते, हे विसरू नये. हॉलंड प्रांतात १६९५पासून विवाहावर व दफनावर कर होता. ऐपतीप्रमाणे ३०, १५, ६ किंवा ३ गिल्डर द्यावे लागत. गरिबाला माफी असे. कराचा आकडा पाहिला की घराची चूल कशी पेटत होती, ते कळते. कारागिरांच्या संघांच्या वह्यांत उमेदवारी केव्हा संपली, उस्ताद केव्हा झाला, हे मिळते. मात्र १७९८च्या राज्यघटनेने संघांची सत्ता मोडली, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरासाठी धंद्याच्या परवान्यांची कागदपत्रे चाळावी लागतात.

नावांचाही उपयोग होतो. डच रिवाजाप्रमाणे पहिल्या मुलाला बहुधा बापाच्या बापाचे नाव ठेवीत आणि दुसऱ्याला आईच्या बापाचे. चित्रकाराचे पूर्ण नाव व्हिन्सेंट विलेम. पैकी व्हिन्सेंट हे बापाकडील आजोबाचे आणि विलेम हे आपल्या बाइंडराचे! पण याच रिवाजात एक खड्डाही आहे. झुंडर्ट गावच्या चर्चच्या आवारात व्हिन्सेंट व्हॅन गॉग या नावाचे, १८५२ सालचे एक लहानसे थडगे आहे. ते चित्रकाराच्या मृत जन्मलेल्या थोरल्या भावाचे. तो ३० मार्च १८५२ रोजी जन्मला, चित्रकार ३० मार्च १८५३ रोजी. नाव एक, तारीख एक, आईबाप तेच. घाईत पाहणारा दोन माणसांचा एक माणूस करील.

घरगुती आठवणींचे काय करावे? चित्रकाराची भावजय योहाना हिने १९१४ साली त्याची पत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा प्रस्तावनेत घराण्याची हकीकत दिली. विलेमने देशाची पहिली राज्यघटना बांधली आणि त्यावरून त्याला राजाचा बाइंडर ही पदवी मिळाली, असे ती सांगते. बापाकडच्या पूर्वजांत हेगमध्ये जरीची तार ओढणारे कारागीर होते आणि एक शिल्पकारही होता, हेही तीच सांगते. अशी हकीकत टाकून देऊ नये आणि डोळे मिटून घेऊही नये. तिचा प्रत्येक दुवा दप्तराशी ताडून पाहावा. एवढे मात्र खरे की, ती वाचल्यावर आकाशातून पडलेल्या एकाकी प्रतिभावंताचे चित्र बदलते. हाताने नेटके काम करून पोट भरणाऱ्या माणसांच्या पिढ्या त्याच्या मागे उभ्या दिसतात.

आता या दप्तरांची दुसरी बाजू. लोकसंख्येच्या रजिस्टरात धर्माचा रकाना होता. १९४० साली जर्मनांनी देश व्यापला आणि या चोख दप्तराने त्यांना ज्यूंची घरे दाखवली. सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी काही देशभक्तांनी ॲम्स्टरडॅमच्या लोकसंख्या-कचेरीत शिरून दप्तराला आग लावली. त्यांच्यात चित्रकार विलेम आरोंदेउस आणि शिल्पकार खेरिट व्हॅन डर व्हेन हे प्रमुख होते. त्या वर्षीच्या १ जुलैला आरोंदेउससह १२ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. कागद जपणाऱ्यांच्या देशात, माणसे जगावीत म्हणून कागद जाळण्याची वेळ आली.

म्हणून आजही तेथे जन्माची नोंद १०० वर्षे, विवाहाची ७५ वर्षे व मृत्यूची ५० वर्षे लोटल्यावरच सर्वांना खुली होते. जिवंत माणसाचे खाजगीपण राखायचे आणि मृताचे नाव पुसू द्यायचे नाही, असा हा तोल आहे. कर आणि सैन्य यांसाठी मांडलेल्या वहीने एका बाइंडराला विस्मृतीतून वाचवले आणि तशाच वहीने हजारो माणसांचा ठाव वैऱ्याला दिला. वही तीच असते. ती कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी उघडली जात आहे, एवढाच प्रश्न असतो.