रोहिणीतले रखवालदार

एखाद्या कामगार बंधूला हृदयविकाराचा झटका आला की 'नळी तुंबली' असे आपण म्हणतो. बॉयलरच्या नळीत क्षार बसावेत, तशी रोहिणीत, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीत, चरबी बसते ही आपली समजूत. ती अर्धीच खरी आहे. लोखंडी नळी निर्जीव असते. रोहिणीची भिंत सजीव आहे. तेथे झुंज चालते, आणि तीत आपल्याच शरीराचे रखवालदार सापडतात.

हे रखवालदार म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी. परक्या पदार्थाला गिळणाऱ्या पेशींचे कार्य रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ साली ओळखले. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

रोहिणीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. बिडीचा धूर, रक्तदाब, मधुमेह यांनी ते दुखावते. मग कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत शिरतात आणि तेल खवट व्हावे तसे बिघडतात. ते उचलण्यास पांढऱ्या पेशी धावतात. माल थोडा असेल तर काम निभते. तो येतच राहिला, तर या पेशी फुगून फेसाळ होतात, तेथेच मरतात, आणखी पेशी येतात, दाह धुमसत राहतो. वर तंतूंचा पापुद्रा धरतो. पण पेशींतून सुटणारे रस तोही कुरतडतात. पापुद्रा फाटला की रक्ताची गुठळी होऊन वाट एकाएकी बंद होते. म्हणून काल पाळी पुरी केलेला गडी आज कोसळतो.

मग रखवालदारांनाच आवरावे काय? २०१७ साली दहा हजारांवर रुग्णांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल न घटविता केवळ दाह शमविल्याने झटके व तत्सम आपत्ती सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. परंतु जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. पहारा उठविला की चोर शिरतोच.

माणूस थकला तर त्याला दोष देण्याआधी ओझे पाहावे, हे आम्ही जन्मभर सांगत आलो. येथेही तेच. तंबाखू सोडा, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून आटोक्यात ठेवा. आणि छातीत कळ येऊन दरदरून घाम फुटला, तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पीत बसू नका. गंगापूरहून संभाजीनगरची घाटी गाठण्यात वेळ मोडतो. म्हणून १०८ ला तत्काळ फोन करा. गुठळी विरघळविण्याचे औषध आहे, पण ते वेळेत पोहोचणाऱ्यालाच तारते.