संग्रहालयभेटीतील समाधान : प्रेक्षकभेदाच्या दृष्टीने एक विचार

महाविद्यालयीन सहलींत वस्तुसंग्रहालयाचे नाव हमखास असते. परंतु भेटीअंती विद्यार्थ्याच्या पदरी काय पडले, याची विचारणा क्वचितच होते. हजेरीपट व अहवाल यांवर आपले समाधान होते, त्याचे होतेच असे नाही.

अमेरिकन अभ्यासक जॉन फॉक यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रेक्षकांचे वर्गीकरण वय वा शिक्षणावरून न करता भेटीमागील हेतूवरून केले आहे. जिज्ञासू, इतरांना दाखविण्यासाठी आलेला, प्रसिद्ध स्थळ पाहू इच्छिणारा, विषयाचा व्यासंगी आणि निवांतपणा शोधणारा असे हे पाच प्रकार होत. हेतू पूर्ण झाला की समाधान लाभते. मुलांना घेऊन आलेल्या आईस बसावयास बाक आणि सुबोध पाटी हवी असते. व्यासंग्यास तीच पाटी अपुरी वाटते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर अडकित्ते, दिवे व स्वयंपाकाची भांडी पाहताना एखादी आजीच नातवंडांची मार्गदर्शक होते. तेथे तज्ज्ञ कोण, हा प्रश्नच उलटा होतो.

सक्तीने आणलेला विद्यार्थी मात्र या पाचांत सहज बसत नाही. त्यास हेतू पुरविणे हे शिक्षकाचे काम आहे. वसई परिसराच्या दृष्टीने त्याचे साधन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातच आहे. सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे सापडला. सोपाऱ्याचा हा ब्राह्मी लेख या संग्रहालयात जतन केलेला आहे. आठव्या शिलाशासनाचा विषयही लक्षणीय आहे : पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, अशोकाने त्यांऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या. सहलीचा हेतू बदलण्याविषयीचाच हा लेख, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या पहिल्या सहलीत सर्व दालने तीन तासांत उरकण्याचा अट्टाहास आम्ही केला. त्यात हा दगड कोणाच्याच लक्षात राहिला नाही. पुढील वर्षी प्रथम सोपाऱ्याच्या स्तूपावर जाऊन, नंतर चर्चगेटची गाडी धरली आणि थेट लेखापाशी गेलो. नालासोपाऱ्याच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, हा आमच्याकडे का नाही?’ त्या दिवशी आमची उर्वरित दालने पाहावयाची राहून गेली.